चिंध्यांची बोगनवेल

आमच्या शेजारच्या सिंधूअक्कांची बोगनवेल वायरमन लोकांनी कापली नव्हती. मी कापली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. 'वायरमन आले होते' ही थाप मी आधी अक्कांना मारली, मग बायकोला, मग गल्लीत ज्याने विचारलं त्याला. पुढे ती इतकी घोटली गेली की शिडी लावून वर चढलेली दोन माणसं मला स्वतःलाच डोळ्यांसमोर दिसायला लागली.

आता लिहायचं कारण एवढंच, की त्या वेलीचं एक मूळ भिंतीखालून आमच्या अंगणात आलं आहे. अक्कांच्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे. पाया खणताना जेसीबीने सगळं उपटलं, तरी हे एक मूळ राहिलं. गेली दोन वर्षं मी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे ते माजलं. आता त्याच्या काटेरी फांद्या बेडरूमच्या जाळीत घुसल्या आहेत, वारा सुटला की जाळीवर नखं ओढल्यासारखा आवाज येतो. परवा माधुरीने, म्हणजे बायकोने, चहाच्या कपाशेजारी एक काळी, जड कात्री ठेवली. "आज तरी कापा हो. घरात चोर शिरल्यासारखं वाटतं." कात्री अक्कांची होती. मी ती उचलली आणि परत ठेवली.

आम्ही धुळ्याहून जळगावला बदलीवर आलो तेव्हा अक्का साठीच्या आसपास असतील. उंच, हडकुळ्या, गळ्यात कायम मोजायची टेप. मंगळसूत्र काढून ठेवलं त्या दिवसापासून टेप घातली, असं त्या स्वतःच सांगायच्या आणि समोरच्याला हसावं की नाही कळायचं नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा शिवणक्लास चालायचा. माहेर सावद्याचं, केळीवाल्यांचं. तिकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून केळी त्यांच्या तोंडी 'केयी' आणि मी 'धुयेकर'. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही.

माझी आई एकदा धुळ्याहून आली होती. फाटकावरची ती गुलाबी झुंबड पाहून ती अहिराणीत म्हणाली, "हाई काय शे व माय? बठ्ठा काटाच शेतस!"

अक्का आतून ओरडल्या, "काटे हायेत म्हनून तर बकऱ्या येत नही! आन धुयेकर, तुह्या मायले म्हना, तुमचं ते शे-शे ऐकलं का मले वाटते कोनी शिट्टी मारून रायलं."

आई दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून दोन ब्लाउज शिवून घेऊन आली आणि जाताना म्हणाली, बाई फटकळ शे, पण हात सोन्याचा शे.

तो हात कसा होता हे सांगतो. कापड हातात घेतलं की अक्का त्याच्याकडे बघायच्याच नाहीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये किंचित चोळायच्या आणि निकाल द्यायच्या. "यात पॉलिस्टर हाये. दुकानदाराने फसवलं तुले." गल्लीतल्या बायका दुकानातून साडी आणली की आधी अक्कांच्या हातात द्यायच्या, मग नवऱ्याला दाखवायच्या. मुलींना त्या पहिला महिनाभर मशीनला हात लावू देत नसत. नुसतं कापड ओळखायचं, डोळे मिटून. आणि क्लास सुटायच्या वेळी प्रत्येकीने सुया ओवून पिनकुशनला टोचून ठेवायच्या. "सुई ओवता येत नही ती काय शिवनार?" मुली वैतागायच्या. आम्हाला वाटायचं, शिस्त आहे. अक्कांची प्रत्येक गोष्ट आम्हाला शिस्तच वाटायची.

कात्रीबद्दल तर विचारूच नका. कापडाची कात्री कागदाला लागली तर धार जाते, हे शिवणारे सगळेच पाळतात, पण अक्कांकडे ते सोवळ्यासारखं होतं. माधुरी नवी नवी क्लासला जायची तेव्हा तिने एकदा भाबडेपणाने त्याच कात्रीने दुधाची पिशवी कापली. चहा करत होती बिचारी, तोही अक्कांसाठीच. अक्कांनी कात्री हातात घेतली, एका फडक्याच्या कडेवर चालवून पाहिली, आणि म्हणाल्या, "बाटली."

"सॉरी अक्का, मी धार लावून आणते."

"धार लागीन. पन आता हिले ठाऊक पडलं का आपन काहीबी कापू शकतो." मग त्या कात्री घेऊन अंगणात गेल्या आणि बोगनवेलीच्या तारेला तिला अडकवून आल्या. त्या दिवसापासून ती झाडाची कात्री झाली. माधुरी त्या रात्री जेवली नाही आणि दुसऱ्या दिवसापासून अक्कांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी झाली.

ती बोगनवेल फाटकाच्या खांबापाशी लावलेली होती. तिथून आमच्या सामाईक भिंतीला धरून, ताणलेल्या तारांवरून ती घराच्या पायरीपर्यंत गेलेली. मध्ये एक पाण्याचा नळ. बाहेरच्या बाजूने ती गल्लीत झुकायची, वरून विजेच्या तारांना भिडायची. मृगाच्या आधी दरवर्षी तिची छाटणी असे, आणि ती छाटणी म्हणजे एक सोहळाच. आदल्या दिवशी अक्का ब्लाउजपिसांच्या कतरणी घेऊन यायच्या आणि राखायच्या फांद्यांना लाल चिंध्या बांधायच्या. फक्त लाल. करवत माझ्याकडे, कात्री त्यांच्याकडे.

"ज्या फांदीले चिंधी, तिले हात लावाचा नही."

"पण अक्का, ही आडवी आलीय, हिच्यामुळे चालता येत नाही."

"तुले चालता येत नही. मले येते."

"दोन बोटं तरी छाटू?"

"धुयेकर, हे झाड हाये, ब्लाउज नही. चुकलं तर उसवता येत नही."

मी वर्षानुवर्षं ऐकत गेलो. बोगनवेलीचा काटा साधा नसतो. टोकाशी किंचित वाकलेला, लागला की ठणकतो, आणि आत मोडला तर पिकतो. छाटणीनंतर आठवडाभर माझे हात ओरबाडलेले असायचे. अक्का वाटीत हळद-तेल घेऊन भिंतीपलीकडून हाक मारायच्या. "ये, हयद लाव. ऑफिसात म्हनशीन, बायकोने मारलं."

त्यांचा मुलगा हेमंत पुण्याला मोठ्या कंपनीत होता. मुलगा वाईट नव्हता, हे मी स्पष्टच लिहितो. दर दिवाळीला यायचा आणि घर विकून आईला घेऊन जायची भाषा करायचा. दर दिवाळीला अक्का तेच म्हणायच्या. "पुन्यात जाईसन काय करू मी? सोफ्यावर ठेवलेलं पार्सल होऊ? इथी मी चालते, फिरते, चार पोरी शिकवते. ज्या दिवशी माह्या घरात माह्या पायाने चालता येनार नही, त्या दिवशी ने." हेमंत हसून मान हलवायचा. ती अट होती आणि त्या दोघांनाही ती मान्य होती. अक्कांचं सगळं आयुष्य त्या अटीवर उभं होतं.

वेल कापली त्या उन्हाळ्यात मला तीन गोष्टी दिसल्या. दिसल्या नाहीत असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं.

पहिली म्हणजे अक्कांच्या टेपवर ठरावीक अंतरावर दोऱ्याच्या गाठी आल्या होत्या. माधुरीने विचारलं तर म्हणाल्या, "आकडे पुसले गेले." आकडे पुसले गेले नव्हते.

दुसरी चिंध्यांची. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. अखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी जातात. वय कितीही असो. अक्काही दरवर्षी सावद्याला भावाकडे जायच्या, झोक्यावर बसायच्या, आणि परत आल्या की भावजयीच्या तक्रारी सांगायच्या. त्या वर्षी जायच्या आधीच त्यांनी चिंध्या बांधून टाकल्या. मला म्हणाल्या, "आल्यावर कापू. पन चिंध्याहिले हात लावू नको." मी पाहिलं तर एकही चिंधी लाल नव्हती. रंगांचा काही धरबंधच नव्हता; हिरवी, जांभळी, पिवळट, काहीही. फाटकापाशी मखमलीचे तुकडे. नळाच्या जागी खणाचे. पायरीशी मऊ मलमल. सगळ्या चिंध्या एका उंचीवर, हात सहज लोंबता सोडला तर बोटं पोचतील अशा.

तिसरी गोष्ट त्यानंतर दोन दिवसांनी. संध्याकाळी वीज गेली. दिवेलागणीची वेळ, अचानक सगळी गल्ली काळी. लोक ठेचकाळत होते, कोणाचं पोर रडत होतं, मी स्वतः माझ्याच स्कूटरवर धडकलो. तेवढ्यात अक्का भाजी घेऊन आल्या. फाटकाची कडी निघाली आणि भिंतीपलीकडे त्यांची पावलं ऐकू आली. थांबत नव्हती, चाचपडत नव्हती. मी भिंतीवरून डोळे ताणून पाहिलं. त्या मान ताठ ठेवून चालत होत्या आणि डावा हात वेलीवरून जात होता. मखमल, मग खण, मग मलमल. पायरी आली तसा पाय उचलला. अख्ख्या गल्लीत त्या वेळी एकच माणूस नीट चालत होतं.

मला त्या क्षणी सगळं कळलं. सुया, गाठी, चिंध्या, अक्कांच्या हातांवरचे ते बारीक ओरखडे, जे वर्षभर असायचे आणि मी झाडाच्या नावाने खपवायचो. माधुरीलाही सांगितलं नाही. कोणाचं तरी गुपित आपल्याकडे आहे याची एक घाणेरडी चव असते, ती मी चाखत बसलो.

आणि मग मी ती वेल कापली.

का, हे विचाराल. त्या वर्षी मी गाडी घेतली होती. पहिलीच चारचाकी, पांढरी. गल्लीत दुसरीकडे जागा नव्हती म्हणून अक्कांच्या भिंतीला लागून उभी करायचो. अखाजीच्या आदल्या दिवशी दारावर आडवा, लांब ओरखडा पडलेला दिसला. वाऱ्याने फांदी घासली होती. त्याच सकाळी ऑफिसात एका माझ्याहून लहान साहेबाने सगळ्यांसमोर माझी फाइल फेकली होती. मी काहीच बोललो नव्हतो. मी कुठेच काही बोलत नाही. घरी आलो तर कुलूप; माधुरी चाळीसगावला माहेरी गेलेली. गल्लीतल्या साऱ्याच बायका माहेरी. आणि जळगावातली मे महिन्यातली दुपार. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. जो तो कूलरसमोर आडवा. मी करवत घेतली आणि अक्कांच्या फाटकाची कडी काढली.

सुरुवातीला फक्त गाडीवर येणारी फांदी कापायची होती. ती कापली. मग तिच्या मागची. मग एक काटा मनगटात शिरला आणि मी चिडलो. वर्षानुवर्षं 'ही नको, ती नको' ऐकलं होतं ते सगळं करवतीत उतरलं. पहिल्या मखमलीपाशी आलो तेव्हा मी थांबलो. हे लिहिणं मला सगळ्यात जड जातंय. मी थांबलो, त्या चिंधीला हात लावला, ती कसली आहे आणि कशासाठी आहे हे मला पूर्ण ठाऊक होतं. मनात आलं ते असं : कधीतरी जाणारच आहेत पुण्याला. आणि मी फांदी कापली. पुढची खणाची. पुढची मलमलीची. बुंधा तेवढा राहिला, गुडघ्याएवढा.

काटक्या ओढत कोपऱ्यावर टाकायला गेलो तर तिथल्या निंबाखाली रशीदभाईंची रिक्षा उभी होती. अक्कांना बसस्टँडवर न्यायचं-आणायचं काम त्यांचंच. ते मागच्या सीटवर तोंडावर रुमाल टाकून पडले होते. झोपले होते की नाही, मला आजही माहीत नाही.

अक्का अखाजी करून आल्या. मी दारातच होतो. आल्या की आपण स्वतः सांगायचं असं ठरवून उभा होतो. रिक्षा थांबली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने त्यांनी कडी शोधली, फाटक लोटलं, आणि डावा हात सहज पुढे केला.

हात हवेतच राहिला. त्यांनी तो आणखी पुढे नेला, थोडा खाली, थोडा वर. आंधळ्या माणसासारखं नव्हे. ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायला जावं आणि तो माणूसच नसावा, तसं. मग त्या उभ्या राहिल्या. एवढ्या उन्हात, डोक्यावर पदर नाही, काही नाही.

रशीदभाई रिक्षा तशीच सोडून धावले. "अक्का, रुको. मैं छोडता हूँ अंदर."

"सोड. मी काय म्हातारी हाये?" त्यांनी कोपर झटकलं, पण पाऊल टाकलं नाही. मग माझ्या दिशेने, अगदी बरोबर दिशेने मान वळवली. "धुयेकर, कोनं कापली?"

रशीदभाई माझ्याकडे पाहत होते.

"वायरमन आले होते अक्का," मी म्हणालो. "तारांना लागत होती म्हणाले. मी ऑफिसात होतो."

"हं," अक्का म्हणाल्या. मग पिशवी पुढे केली. "घे. वहिनीने खापरावरचे मांडे देल्ले. तुह्यासाठी आनले, बायको नही घरी म्हनून."

ते मांडे मी खाल्ले. तेही लिहून टाकतो.

त्यानंतर आठवडाही गेला नाही. अक्का नळापाशी पडल्या. नळ कुठे आहे हे पायांना ठाऊक असावं, पण खणाची चिंधी लागली की पाऊल उजवीकडे घ्यायचं, ही हाताची सवय. हाताला काही लागलंच नाही. मांडीचं हाड मोडलं. हेमंत रात्रीतून आला. दवाखान्यात डॉक्टरांनी सहज डोळ्यांवर बॅटरी मारली आणि हेमंतला बाहेर बोलावलं. काचबिंदू, बऱ्याच वर्षांचा. हेमंत माझ्यासमोर भिंतीला टेकून रडला. "काका, तुम्ही शेजारी होता. तुम्हालाही कधी कळलं नाही?"

"नाही रे," मी म्हणालो.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. अट पूर्ण झाली होती. घर बिल्डरला गेलं, मशीन मुलींना, कात्री माधुरीला. मी पुण्याला दोन-तीनदा फोन केला. प्रत्येक वेळी अक्का विचारायच्या, "बुंधा फुटला का?" मी म्हणायचो, फुटला. तेव्हा तिथे खड्डा होता. मागच्या थंडीत हेमंतचा फोन आला, झोपेतच गेली म्हणून. रशीदभाईंना मी कोपऱ्यावर जाऊन सांगितलं. त्यांनी हँडलवर हात ठेवला आणि म्हणाले, "चलो, अब पूछने वाला कोई नहीं रहा." ते आजही मला रिक्षात घेतात, पैसे नीट घेतात. पण पूर्वी आरशातून बघून गप्पा मारायचे, ते मारत नाहीत.

शेवटची भेट मात्र त्या आधीची आहे, त्या जळगाव सोडून गेल्या त्या सकाळची. हेमंतने गाडीची मागची सीट उश्या लावून पलंगासारखी केली होती. अक्कांना उचलून आत ठेवलं. माधुरी हुंदके देत होती. गल्ली जमली होती. मी मागे, लांब उभा होतो.

"धुयेकर कुठी हाये?"

मला पुढे जावं लागलं. खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला आणि माझी बाही चिमटीत धरली. सवयीने चोळली. "टेरिकॉट हाये. सुती घालत जाय रे भो, ऊन किती पडते."

मी हं म्हणालो. बाही सोडून त्यांची बोटं माझ्या हातावर आली, मनगटापासून कोपरापर्यंत. तिथे अजून खपल्या होत्या. एक काटा आत मोडून पिकला होता, त्याची गाठ होती. बोटं त्या खपल्यांवरून सावकाश गेली, कापडावरून जायची तशी. एकेक ओरखडा त्यांनी वाचला. गाठीवर अंगठा थांबला.

"कोनं कापली म्हने?" त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी हळू. माधुरीलासुद्धा ऐकू गेलं नाही.

"वायरमनने," मी म्हणालो.

त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, जिथे वेल असायची तिथे होती. मग त्यांनी हात सोडला.

"त्या वायरमनले सांग," त्या म्हणाल्या, "हयद लाव म्हना."

काच वर गेली आणि गाडी निघाली.

अक्कांनी मला एकच प्रश्न दोनदा विचारला होता. त्याचं खरं उत्तर मी अजून त्यांना देणं लागतो, आणि इथे लिहिल्याने ते फिटलेलं नाही.